अनुभव धागा : जुन्या पेंटमध्ये हव्या त्या मापाचा पडदा कसा मिळवायचात?

धागाकर्ता

डॉसवरचं डिलक्स पेंट, विंडोजचं जुनं पेंट, ग्राफएक्सटू अशा प्रोग्रामांसाठी एक छोटी युटिलिटी लिहायला घेतली आहे. हुक (जॅकार्ड मागावर ताणे उचलणारे) किती, पिक (बाण्याच्या ओळी) किती, इंचाला ताणे-बाणे म्हणजे उभे-आडवे धागे किती एवढं टाकलं की त्या मापाची कोरी फाइल तयार व्हावी आणि पडद्यावर प्रत्येक घर कापडावरच्यासारखंच दिसावं. सोलापुरात चादर-टॉवेलची डिझाइनं ज्यांनी असल्या पेंटमध्ये काढली, त्यांच्याकडून ऐकायचंय.

स्क्रीन साइज म्हटलं की पडदा लहान की मोठा एवढंच बहुतेक जण बघतात. माझ्या मते खरा घोळ ठिपक्याच्या, म्हणजे पिक्सेलच्या आकाराचा आहे. व्हीजीए या जुन्या डिस्प्ले कार्डाचा ३२० बाय २०० हा २५६ रंगांचा मोड ४:३ च्या मॉनिटरवर पसरला की प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच होतो. ६४० बाय ४८० मध्ये तो चौरस असतो, त्याआधीच्या ईजीए कार्डाच्या ६४० बाय ३५० मध्ये साधारण १.३७ पट उंच. त्यामुळे एकाच फाइलीतला गोल एका मशीनवर गोल आणि दुसऱ्यावर लांबट.

डिझाइनवालेच पाहिजेत असं नाही. फक्त कारखान्यांची आणि माणसांची नावं टाळा.

पूर्वभागी

आमचे वडील ग्राफवर डिझाइन भरायचे. कन्ना चौकाजवळ घर, पुढच्या खोलीत तिरकी फळी, तिच्यावर ग्राफ आणि बारीक ब्रश. भरलेलं घर म्हणजे जॅकार्डला लावायच्या पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक. भोक असलं की हुक उचलणार आणि ताणा वर येणार. मोकळं घर म्हणजे ताणा खाली. मोर काढायचा तर आधी पेन्सिलीनं बाह्यरेषा, मग कडेच्या पायऱ्या ठरवायच्या, मग आतली वीण भरायची. वीण नीट भरली नाही तर धागा लांब सुटतो आणि चादर धुताना कशात तरी अडकतो.

पुढं एका ओळखीच्या कारखानदारानं वापरलेला कॉम्प्युटर दिला, त्यात डिलक्स पेंट टू होतं. सुरू करताना ते मोड विचारायचं. वडील ३२० बाय २०० सोडून दुसरं काही घेऊच देत नव्हते. ६४० बाय ४८० मध्ये किती स्वच्छ दिसतं म्हणून मी हट्ट धरायचो, तर म्हणायचे, "मोर बसका दिसलालाय की बे."

त्यांनी आकडेमोड केली नव्हती, पण आकडे त्यांच्याच बाजूचे होते. इंचाला ४८ ताणे आणि ४० बाणे असं कापड असेल तर एका घराची उंची रुंदीच्या १.२ पट पडते, म्हणजे नेमका ३२० बाय २०० चा ठिपका. ग्राफ पेपरमध्येही म्हणूनच प्रकार असतात, कापडाच्या हिशेबानं घरं उभट नाहीतर आडवी. चौरस घरांचा कागद सगळ्या कापडांना चालत नाही, तसा चौरस ठिपक्यांचा पडदाही चालत नाही.

अडचण रुंदीची. ३२० मध्ये २४० हुक मावतात, ४८० मावत नाहीत. मग पेज साइजमध्ये जाऊन पान पडद्यापेक्षा मोठं करायचं आणि बाणांच्या कळांनी सरकवत काम करायचं. डावीकडचा मोर उजवीकडच्याशी जुळतोय का, हे एका नजरेत दिसेना. त्यावर वडिलांनी मॉनिटरच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली होती, तिच्यावर चोच, डोळा आणि पायाची उंची पेन्सिलीनं मारलेली. पान सरकवलं की पट्टीशी जुळवून बघायचे.

तुमच्या युटिलिटीत अशी पट्टी घाला. बाकी काही नसलं तरी चालेल.

भय्याचौक

आमच्या कॅफेत डिझाइन नव्हतं, पोस्टरं होती. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आधी मंडळांची पोरं यायची, पेंट उघडून कंट्रोल-ई दाबायची आणि एकक सेंटिमीटर करून सरळ ९० बाय ६० टाकायची. ९६ डीपीआयनं, म्हणजे इंचाला ९६ ठिपके धरून, ते साधारण ३४०० बाय २२७० ठिपके होतात, २४ बिट रंगात २३ एमबीच्या आसपास. मशीनला रॅम ३२ एमबी. त्यात पेंट अनडूसाठी जुनी प्रत धरून ठेवणार. मग हार्ड डिस्कचा दिवा विझायचाच नाही आणि पोरगं मला विचारणार, "काका, हँग झालं का ओ?"

टॉवेलवाला

मी कारखानदार, प्रोग्रामर नाही. पण तुम्ही म्हणता तसलीच युटिलिटी आमच्याकडे होती. पॉलिटेक्निकचा एक पोरगा संध्याकाळी यायचा, त्यानं टर्बो सी या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून दिली. तिचे दोन भाग होते. पहिला, हुक आणि पिक विचारून काळ्या-पांढऱ्या बीएमपीची (पेंटच्या चित्रफाइलीचा प्रकार) कोरी फाइल करायचा. त्या फाइलीचं डोकं, म्हणजे सुरुवातीची माहिती, ६२ बाइटचं: १४, मग ४०, मग दोन रंगांचे ८. एकोणिसाव्या बाइटपासून रुंदी, तेविसाव्यापासून उंची. हे मला पाठ आहे कारण तो एकेक आकडा मोठ्यानं म्हणत टाइप करायचा.

दुसरा भाग खरा कामाचा. पेंटमध्ये काढलेली फाइल परत वाचून कार्डागणिक भोकांची यादी छापायचा. पंचिंगवाला ती यादी पुढ्यात ठेवून कार्ड मारणार. ४८० हुकच्या जॅकार्डला झकास चाललं. ४०० वर घेतलं आणि सगळी नक्षी तिरकी! आम्ही आधी जॅकार्ड तपासलं, मग पंचिंगवाल्याला बोललो. तो बिचारा बरोबर होता. ४०० ठिपके म्हणजे ५० बाइट, पण बीएमपीत प्रत्येक ओळ ४ च्या पटीत संपवावी लागते, म्हणून पेंट ५२ लिहितं. प्रोग्राम ५० च वाचत होता, त्यामुळे दर ओळीला नक्षी १६ ठिपके सरकायची. ४८० ला ६० बाइट होतात, ते आपोआप बसतात, म्हणून तोवर कुणाला पत्ता नाही.

आणखी एक. बीएमपी तळापासून वर साठवली जाते. फुलांच्या पट्ट्या वर-खाली सारख्या, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एका ऑर्डरीत देवळाचं शिखर विणायला घेतलं, ते टोक खाली करून मागावरून उतरलं. गिऱ्हाईक हसलं, पण माल घेतला नाही.

विडी घरकुल

मी संगणकाचा क्लास घेते. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाल्यापासून पेंट शिकवतेय, त्यामुळे फक्त विंडोजच्या पेंटबद्दल लिहिते. कॉपी केलेलं चित्र नेमक्या मापात हवं असेल तर आधी अॅट्रिब्यूट्समध्ये (पानाचं माप टाकायची खिडकी) पान १ बाय १ करायचं, मग पेस्ट करायचं. बिटमॅप मोठा करू का असं ते विचारतं, हो म्हणायचं. कडेला पांढरी पट्टी राहत नाही. पान लहान केलं तर उजवीकडून आणि खालून कापलं जातं, डावा वरचा कोपरा जागेवर राहतो, हे मुलींना आधी सांगते.

एक्सपीच्या पेंटमध्ये भिंगाच्या यादीत ८ पटीच्या खाली जी बारीक रेघ आहे, तिच्यावर क्लिक केलं की १० पट मोठं होतं. यादीत लिहिलेलं नाही. कंट्रोल-जी दाबून जाळी आणली की सरळ ग्राफ पेपर. क्लासमधल्या एकीनं त्यावर टॉवेलची अख्खी बॉर्डर भरली होती, माझ्या रांगोळीच्या धड्याकडे ढुंकून न बघता.

अमिगावेडा

जन्म सोलापूरचा, पण कॉम्प्युटर पाहिला पुण्यात मामाकडे, अमिगा ५०० नावाचा घरगुती कॉम्प्युटर. डिलक्स पेंट मुळात अमिगाचंच. डॅन सिल्व्हा यांनी लिहिलं, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं १९८५ मध्ये आणलं. आपल्याकडचं मशीन पाल या टीव्ही पद्धतीचं, म्हणजे ३२० बाय २५६; अमेरिकेतून आलेल्या डिस्कवरची चित्रं तिकडच्या एनटीएससी पद्धतीची, ३२० बाय २००. त्यामुळे खाली ५६ ओळी रिकाम्या राहायच्या आणि चित्र थोडं दबलेलं दिसायचं. डिलक्स पेंटमधलं ते प्रसिद्ध चित्र, तुतानखामेनचा मुखवटा, मी कित्येक वर्षं गुबगुबीत समजत होतो.

धागाकर्त्यांसाठी: अमिगावरच्या पहिल्या डिलक्स पेंटचा सोर्स कोड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं २०१५ मध्ये खुला केला आहे. डॉसच्या आवृत्तीचा नव्हे, पण वाचा.

पंचिंगवाला

एवढा काथ्याकूट कशाला? वीतभर नमुना विणून बघा, तिथं खरं काय ते दिसतं. पडद्यावर सुंदर आणि मागावर भिकार अशी डिझाइनं लै बघितली.

धागाकर्ता

पंचिंगवाले, नमुना विणायलाही माग अडतो आणि सूत जातं. पडद्यावर निम्म्या चुका गाळल्या तर तेवढं वाचेल.

पूर्वभागींची पट्टी घातली: पान कितीही सरकवा, डावीकडची खुणांची रेघ हलत नाही. ओळीचं ४ च्या पटीचं गणित आणि तळापासूनचा क्रम दोन्ही तपासतोय. डॉसबॉक्समध्ये (आजच्या मशीनवर डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) डिलक्स पेंट चालवणाऱ्यांनी सेटिंगच्या फाइलीत 'रेंडर'खाली अॅस्पेक्ट 'ट्रू' केलंय का बघा. ०.७४ मध्ये ते मुळात बंद असतं, आणि मग ३२० बाय २०० चा ठिपका चौरस दिसतो. पूर्वभागींच्या वडिलांचा बसका मोर तिथंही दिसेल.

टॉवेलवाले, त्या पोराचा प्रोग्राम अजून आहे का?

टॉवेलवाला

साडेतीन इंची फ्लॉपी आहे, कपाटात. ड्राइव्ह नाही.

भय्याचौक

माझ्याकडं यूएसबीचा ड्राइव्ह आहे, रविवारी दुकानावर या. पण आधी फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आत बघा. पांढरे डाग असले तर ती बुरशी, तशीच घातली तर ड्राइव्हचं हेड खराब होतं. डाग असतील तर स्पिरिट घेऊन ठेवतो, आधी पुसू.