मराठी-कोंकणी साइट सगळ्यांना वापरता यावी, तर शिकायला सुरुवात कुठून करायची?

कुळागर
वेब डिझाइन शिकतेय. एचटीएमएल, सीएसएस बऱ्यापैकी येतं. सरावासाठी गोव्यातल्या चोडण बेटावरच्या एका होमस्टेची साइट करायला घेतलीय. भाषा तीन: मराठी, कोंकणी, इंग्लिश. त्यात रायबंदर-चोडण फेरीबोटीचं वेळापत्रक आणि खोली बुकिंगचा फॉर्म आहे. वेळापत्रक व्हॉट्सॲपवर फिरतं तसंच, फोटो म्हणून टाकलंय. लाइटहाऊस (क्रोममधलं साइट तपासायचं साधन) ॲक्सेसिबिलिटीला, म्हणजे अपंगांसकट सगळ्यांना वापरता येण्याला, १०० पैकी ९६ देतं. म्हणजे झालं का काम? नसेल तर पुढे कोणत्या क्रमाने शिकू? डब्ल्यूकॅग, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीची आंतरराष्ट्रीय नियमावली, उघडलं होतं, पण त्यातली कलमं वाचून हाताला काही लागेना.

मांडवीपार
ते ९६ विसरा. फोटोला ऑल्ट मजकूर (फोटो न दिसणाऱ्यासाठी लिहिलेलं वर्णन) आहे की नाही एवढंच लाइटहाऊस बघतं, त्यात काय लिहिलंय ते नाही. ‘वेळापत्रक’ एवढा एक शब्द लिहिलात तरी त्याच्या लेखी सगळं ठीक, आणि दृष्टिहीन माणसाला एकाही फेरीची वेळ कळलेली नसते.

आधी माउस बाजूला ठेवा. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, एस्केप आणि बाणांच्या कळा एवढ्यांवर बुकिंग शेवटपर्यंत करून बघा. बहुतेक दोन ठिकाणी अडाल. पहिलं म्हणजे फोकस, म्हणजे टॅबने आत्ता कशावर आलोय, तेच दिसत नाही, कारण कुठल्या तरी सीएसएसमध्ये ‘आउटलाइन नन’ लिहिलेलं असतं. ते काढा आणि फोकस-व्हिजिबलला ३ पिक्सेलची ठळक कड द्या. दुसरं, भाषा बदलायचं बटण टॅबने सापडतच नाही, कारण ते बटण नसून क्लिक लावलेला डिव, म्हणजे नुसता चौकोन, असतो. खरा बटण टॅग घेतला की टॅब, एंटर आणि स्पेस तिन्ही आपोआप चालतात.

मग एनव्हीडीए घ्या, हा पान मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. विंडोजवर मोफत आहे. एच दाबून मथळ्यांवरून, एफ दाबून फॉर्मच्या रकान्यांवरून, टी दाबून तक्त्यांवरून उड्या मारा. अनुभवी वापरणारा पान वरून खालपर्यंत ऐकत नाही, असाच उड्या मारतो. मथळे नुसत्या ठळक अक्षरांत असतील तर त्याच्या दृष्टीने ते नाहीतच.

वेळापत्रक खऱ्या टेबल टॅगमध्ये लिहा. वर कॅप्शन: ‘रायबंदर-चोडण फेरी, सोमवार ते शनिवार’. स्तंभांची नावं टीएचमध्ये, स्कोप ‘कॉल’ देऊन. मग कंट्रोल-ऑल्ट आणि बाणांनी आडवं फिरताना एनव्हीडीए स्तंभाचं नाव आधी सांगतं आणि मग वेळ, त्यामुळे ती चोडणहून सुटणारी फेरी की रायबंदरहून, हे डोक्यात ठेवावं लागत नाही. फोनवर मावत नाही म्हणून टेबलचा डिस्प्ले ‘ब्लॉक’ करू नका. काही ब्राउझरमध्ये तेवढ्याने तो तक्ता राहत नाही, नुसत्या आकड्यांची रांग होते. टेबलभोवती आडवा सरकणारा डिव द्या आणि त्याला टॅबइंडेक्स शून्य.

शिरोरेषा
वरचं सगळं बरोबर, पण ते कुठल्याही भाषेत लागू आहे. देवनागरीचे घोटाळे वेगळे.

एचटीएमएल टॅगवर लँग (पानाची भाषा सांगणारा गुणधर्म) ‘ईएन’ तसाच राहिला, तर इंग्लिश आवाज मराठी मजकूर गाळतो तरी किंवा अक्षरांची नावं उच्चारत बसतो. मराठी पानाला ‘एमआर’, कोंकणीला ‘केओके’. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचणाऱ्या आवाजाच्या प्रोग्राममध्ये दोन्ही भाषांचे आवाज आहेत. भाषा निवडायच्या दुव्यांवरही ज्याची त्याची लँग द्या. तिथे झेंडे नकोत, मराठी आणि कोंकणीला कुठला झेंडा देणार?

लाइन-हाइट १.२ ठेवली तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात, १.६ च्या खाली जाऊ नका. मजकूर १८ पिक्सेल. लेटर-स्पेसिंग अजिबात नको, शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा सुटा दिसतो. (डब्ल्यूकॅगच्या अंतराच्या नियमात, ज्या लिपीत असं अंतर वापरत नाहीत तिला सूट आहे.) होमस्टेवाल्यांनी मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये दिला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर डोळ्यांना मराठी दिसेल आणि स्क्रीन रीडर रोमन अक्षरांचा कचरा वाचेल.

कॉन्ट्रास्टही, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक, बघा. पांढऱ्यावर हॅश ९९९९९९ हा राखाडी सगळ्यांना आवडतो, पण तो जेमतेम २.८५ ला १ भरतो. लागतात ४.५. हॅश ७६७६७६ काठावर पास होतो, पण देवनागरीची बारीक वळणं आणि दुपारी फेरीच्या धक्क्यावरचं ऊन धरलं तर मी त्याहून गडद घेईन.

कुळागर
लाइन-हाइट १.३ होती, आत्ताच बदलली! दोन शंका. सगळ्या घटकांना अरिया रोल (हा घटक काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) देऊन टाकले तर? आणि एका ओळीच्या कोडने साइट ॲक्सेसिबल करणारं विजेट मिळतं, ते लावू का?

मांडवीपार
दोन्हीला नाही. चुकीचा अरिया नसलेल्यापेक्षा वाईट: डिवला बटण रोल दिलात की स्क्रीन रीडर ‘बटण’ म्हणतो, पण एंटर दाबलं की काहीच होत नाही. विजेट तुमच्या फोटोतलं वेळापत्रक टेबलात बदलून देत नाही, आणि अक्षरं मोठी करायची सोय ब्राउझरमध्ये आहेच. तेवढं व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये ‘युजर-स्केलेबल नो’ नाही ना ते बघा. असेल तर काही फोनांवर झूम तुम्हीच बंद करून ठेवलाय.

तारीवयलो
फॉर्मबद्दल कोणी बोललं नाही आणि बुकिंग तिथेच अडतं. प्लेसहोल्डर, म्हणजे रकान्याच्या आतला फिकट मजकूर, म्हणजे लेबल नव्हे, टाइप करायला लागलं की तो गायब होतो. प्रत्येक रकान्यावर दिसणारं लेबल, फॉर-आयडीने जोडलेलं.

फोन नंबरला टाइप ‘नंबर’ देऊ नका, सुरुवातीचा शून्य आणि प्लसचं चिन्ह दोन्ही गोंधळतात. टाइप ‘टेल’ घ्या. बरोबर दहाच आकड्यांची अट घातली तर परदेशी पाहुणा बाहेरच राहतो. आणि मराठी कीबोर्डवर ९८२२ असं देवनागरीत टाइप केलं की जावास्क्रिप्टची ‘बॅकस्लॅश-डी’ तपासणी ते आकडे धरतच नाही, कारण तिला फक्त रोमन अंक कळतात. नंबर बरोबर असूनही ‘चुकीचा नंबर’ येतो आणि माणूस तोच पुन्हा पुन्हा टाइप करत बसतो. तपासण्याआधी देवनागरी अंक बदलून घ्या, रिकाम्या जागाही काढा.

चूक दाखवताना नुसती लाल कड पुरत नाही. रकान्याखाली वाक्य लिहा, ‘येण्याची तारीख जाण्याच्या तारखेनंतरची आहे’ असं, अरिया-डिस्क्राइबडबायने रकान्याला जोडा आणि फोकस पहिल्या चुकीवर न्या. पान वर चिकटलेल्या हेडरचं असेल तर तो रकाना हेडरखाली लपेल, म्हणून स्क्रोल-पॅडिंग-टॉप हेडरच्या उंचीएवढं. २०२३ च्या डब्ल्यूकॅग २.२ मध्ये यावर वेगळं कलमच आहे. त्यातच बोटाने दाबायच्या जागेची किमान मापं २४ बाय २४ पिक्सेल दिलीत. कॅलेंडरमधल्या तारखांना ती मोजून बघा, ३६० पिक्सेलच्या फोनवर तिथेच पहिली गोची होते.