मदत हवी: टॅकॅनचं (लढाऊ विमानांना दिशा आणि अंतर सांगणाऱ्या रेडिओ यंत्राचं) मॉडेल मुलांना कसं समजावू? (नागपूर, शाळेचं विज्ञान प्रदर्शन)

नमस्कार मंडळी, मी नागपूरला सोनेगावकडच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. आमच्या गच्चीवरून उतरणारी विमानं दिसतात, प्रवासी पण आणि एअरफोर्सची पण, आणि यंदा धुक्याच्या दिवसांत एका पोराने विचारलं, मॅडम दिसत तर काहीच नाही मग पायलटला रनवे सापडते कशी? तिथून प्रदर्शनाचा विषयच ठरला, लष्करी विमानतळावरचा रेडिओ. शेजारचे काका एअरफोर्समधून रेडिओ फिटर म्हणून रिटायर झालेत, त्यांनी तत्त्वं समजावून सांगितली (इथल्या तळाची फ्रिक्वेन्सी वगैरे आम्हाला नकोच आहे, आणि स्कॅनर आणून ऐकायचा तर प्रश्नच नाही, त्याला लायसन्स लागतं).

जे जमलं ते आधी सांगते. व्हीओआरसाठी (विमानाला दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ यंत्र) 10 सेकंदांत एक फेरी मारणारी टॉर्च केली, ती उत्तरेला वळली की वरचा पांढरा दिवा एकदा लागतो. पांढरा दिवा लागल्यापासून टॉर्चचा उजेड आपल्यावर यायला किती सेकंद लागले ते मोजायचं आणि 36 ने गुणायचं, की आपण कोणत्या दिशेला उभे ते कळतं. खऱ्या व्हीओआरमध्ये हेच सेकंदाला 30 वेळा होतं, वेळेऐवजी दोन सिग्नलमधला फेजचा फरक (एकाची लाट दुसऱ्याच्या किती मागे आहे ते) मोजतात एवढंच. डीएमई (विमानाला अंतर सांगणारं यंत्र) पण पोरांना पटकन कळलं, विमान विचारतं, जमिनीवरचं यंत्र बरोबर 50 मायक्रोसेकंद थांबून उत्तर देतं, एकूण लागलेल्या वेळेतून ते 50 वजा केले की दर 12.36 मायक्रोसेकंदाला 1 नॉटिकल मैल. एका मुलीने तर स्वतःच शोधलं की विमान साधारण 6000 फुटांवरून बरोबर डोक्यावरून गेलं तरी अंतर शून्य नाही, 1 नॉटिकल मैल दिसेल, कारण अंतर तिरकं मोजलं जातं. मला खूप आनंद झाला त्या दिवशी.

सगळ्यात रंगला तो पीएआरचा (विमान उतरवायला वापरायच्या अचूक रडारचा) खेळ. कंट्रोलर रडारवर बघून पायलटला बोलत बोलत खाली आणतो, म्हणून डोळ्यावर पट्टी बांधलेला मुलगा आणि सूचना देणारा दुसरा. काकांनी नियम सांगितला की शेवटच्या टप्प्यात 5 सेकंद आवाज आला नाही तर उतरणं सोडून वर जायचं, तोही खेळात घेतला.

आता अडचण. लढाऊ विमानं टॅकॅन वापरतात, दिशा आणि अंतर एकाच यंत्रातून, आणि फ्रिक्वेन्सी 1000 मेगाहर्ट्झच्या आसपास असल्याने अँटेना छोटा, जहाजावर किंवा ट्रकवर पण बसतो. त्यात 15 हर्ट्झचा एक सिग्नल आणि त्यावर 135 हर्ट्झचा बारीक, म्हणजे एका फेरीत 9 लाटा, त्यामुळे दिशा जास्त अचूक मिळते. म्हणून मी टॉर्चभोवती 9 फटींचा पुठ्ठ्याचा डबा फिरवला, पण पोरांची चूक 10-12 अंशांचीच राहिली, कमी काही होईना. पोरं विचारताहेत मग 9 लाटांचा फायदा काय, आणि माझ्याकडे उत्तर नाही. प्रदर्शन 12 दिवसांवर आलंय, कोणी सांगा ना जी.

प्रतिसाद 1

मॅडम, डबा बरोबर आहे, स्टॉपवॉच आडवं येतंय. बटण दाबायला उशीर होतो तो पाव-अर्धा सेकंदाचाच, फटी कितीही करा, टॉर्चची फेरी 10 सेकंदांचीच आहे ना. खरं यंत्र वेळ नाही, फेज मोजतं, आणि फेजमधली चूक 9 ने भागली जाते. त्यामुळे उजेड सोडा आणि घड्याळ करा. 72 दातांचं मोठं चक्र, त्यावर तासकाटा, त्याला लागून 8 दातांचं छोटं, त्यावर मिनिटकाटा. मोठं एकदा फिरलं की छोटं 9 वेळा फिरतं. मिनिटकाटा वाचताना पोरगं 9 अंश चुकलं तरी खरी दिशा 1 अंशानेच चुकते. मग तासकाटा झाकून ठेवा आणि दिशा विचारा, 9 उत्तरं निघतील, 40-40 अंशांवर. तासकाटा फक्त कोणता 40 चा तुकडा ते सांगतो, आणि तो तुकडा चुकला तर थेट 40 अंशांची चूक, टॅकॅनमध्ये ही चूक खरोखर होते, तिला नावच आहे 40 डिग्री लॉक-ऑन.

धागाकर्ती

अहो किती सोपं केलंत! काकांना वाचून दाखवलं तर ते उठून बसले, म्हणाले हो हो 40 डिग्री, बरोबर आहे. डबा पण ठेवते, तो का चालला नाही हे मुलंच सांगतील प्रदर्शनात. आता एकच, 72 दातांचं चक्र प्लायवूडमध्ये नीट कापून देणारं सीताबर्डी किंवा इतवारीत कोणी माहीत आहे का? पुठ्ठ्याचे दात दोन दिवसांत दबतात.