घटस्फोट आणि दोघांच्या नावावरचं गृहकर्ज

ताई, तुम्ही लिहिलंय की फ्लॅट नवरा ठेवणार, हप्तेही तोच भरणार, म्हणून तुम्ही सही करून मोकळ्या होताय. कृपया थांबा. कर्जावर तुमचं नाव सहकर्जदार म्हणून आहे ना? मग कोर्टात तुमचं आपसात काहीही ठरो, बँकेवर ते बंधनकारक नाही. त्याने हप्ते थकवले तर बँक तुमच्याकडेच येणार. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत हेच झालं. घटस्फोटानंतर दोन वर्षांनी तिला नोटीस आली, फार रडली होती पोर.

कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य करून कोर्टात द्यायच्या लेखी अटींमध्ये) स्पष्ट लिहून घ्या: आधी बँकेकडून तुमचं नाव कर्जातून कमी होईल, मगच तुम्ही हक्कसोडपत्र (फ्लॅटमधला तुमचा हक्क सोडल्याचा दस्त) नोंदवून द्याल. क्रम उलटा होऊ देऊ नका.

परस्पर संमतीने घटस्फोटाच्या अर्जात सहसा सहा महिने थांबावं लागतं (2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर योग्य प्रकरणांत कोर्ट ते माफ करू शकतं). हुकूमनामा (कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत संमती मागेही घेता येते, त्यामुळे घाई करण्याचं काहीच कारण नाही. स्त्रीधनाची यादी आजच करा, पावत्या आणि लग्नातले फोटो जोडून. विमा आणि बँक खात्यांवरचे नॉमिनीही स्वतः बदला, ते आपोआप बदलत नाहीत.