सिलिकाच्या कणांवर पॉलिस्टायरीन वाढवताना जेल का होते?

प्रश्न (कणिका)

नमस्कार. सुमारे 20 नॅनोमीटर व्यासाच्या सिलिका कणांच्या पृष्ठभागावरून एटीआरपी (तांब्याच्या उत्प्रेरकाने साखळ्या नियंत्रितपणे वाढवण्याची) पद्धतीने पॉलिस्टायरीनच्या साखळ्या वाढवण्याचा प्रयोग मी करत आहे. प्रथम कणांवर ट्रायइथॉक्सीसिलेन गट असलेला ब्रोमाइड आरंभक (ज्यापासून साखळी वाढू लागते तो रेणू) बसवला, कण धुतले आणि निर्वात ओव्हनमध्ये वाळवून त्यांची भुकटी केली. त्यानंतर ही भुकटी अॅनिसोल या द्रावकात मिसळून स्टायरीन, कॉपर ब्रोमाइड आणि तांब्याला बांधणारे पीएमडीईटीए घातले, तीनदा गोठवून हवा काढली आणि 90 अंश सेल्सिअसला अभिक्रिया सुरू केली. स्टायरीन आणि आरंभकाचे प्रमाण 500:1 होते. सुरुवातीचे काही तास द्रव नीट ढवळला जात होता, पण स्टायरीनचे साखळ्यांत रूपांतरण 40 टक्क्यांच्या आसपास पोहोचले तेव्हा फ्लास्क उलटा केला तरी आतील पदार्थ हलेना. टीएचएफ या द्रावकात तो फुगतो, विरघळत नाही. आत ऑक्सिजन शिरला असेल का, की अभिक्रियेवरचे नियंत्रणच सुटले आहे?

उत्तर (रसायनवही)

ऑक्सिजनचा संशय आपण बाजूला ठेवावा. ऑक्सिजन आत आला असता तर तांबे ऑक्सिडीकृत होऊन अभिक्रिया मंदावली किंवा थांबली असती; जेल होण्याचे ते कारण नव्हे. नियंत्रण सुटले असेही मला वाटत नाही. साध्या आरंभकाच्या बाबतीत ज्या प्रमाणातील समाप्तीकडे (दोन वाढत्या साखळ्या एकमेकींना भेटून मृत होण्याकडे) आपण सहज दुर्लक्ष करतो, तीच समाप्ती कणांच्या बाबतीत सगळा फ्लास्क जोडून टाकते.

एका कणाचा हिशेब करून पाहावा. 20 नॅनोमीटर व्यासाच्या गोलाचे क्षेत्रफळ सुमारे 1257 चौरस नॅनोमीटर भरते. प्रत्येक चौरस नॅनोमीटरवर अर्धी साखळी धरली, तरी एका कणावर 630 च्या आसपास साखळ्या असतात. याचा अर्थ आपला कण हा 630 हातांचा एक महाकाय रेणू आहे. फ्लोरी आणि स्टॉकमायर यांच्या जेलबिंदूच्या गणितानुसार इतके हात असलेल्या घटकांचे जाळे तयार व्हायला त्यांपैकी साधारण 0.16 टक्के हात दुसऱ्या कणाच्या हातांशी जोडले गेले तरी पुरते. एटीआरपीमध्ये एक-दोन टक्के साखळ्या मृत होणे ही उत्तम नियंत्रणाची खूण मानली जाते. त्यांतील बरीच जोडणी एकाच कणावरच्या शेजारच्या साखळ्यांमध्ये होत असली, तरी उरलेली जोडणी जेल करण्यास पुरेशी ठरू शकते.

यात स्टायरीनचा स्वभावही आड येतो. पॉलिस्टायरीनची दोन मूलके (साखळ्यांची वाढती, अभिक्रियाशील टोके) भेटली की ती बहुतांशी एकमेकांना जोडली जाऊन संपतात. मिथाइल मेथॅक्रिलेटची मूलके मात्र मुख्यतः एकाचा हायड्रोजन दुसऱ्याकडे जाऊन संपतात, त्यामुळे साखळी मेली तरी कणाला कण चिकटत नाही. आपल्याला शक्य असेल तर हाच प्रयोग एकदा मिथाइल मेथॅक्रिलेटवर करून पाहावा. जेल झाले नाही, तर निदान बऱ्यापैकी पक्के होईल.

उपायांचे सूत्र एकच आहे. साखळीची वाढ मूलकांच्या संहतीच्या प्रमाणात होते, तर समाप्ती तिच्या वर्गाच्या प्रमाणात होते, म्हणून मूलके कमी ठेवून अभिक्रिया सावकाश चालू द्यावी. कॉपर(I) च्या सुमारे दहावा भाग कॉपर(II) ब्रोमाइड सुरुवातीलाच घालावे आणि तापमान थोडे उतरवावे. 500:1 प्रमाणात 40 टक्क्यांपर्यंत जाण्याऐवजी 2000:1 प्रमाण घेऊन 10 टक्क्यांवर थांबावे. दोन्हींत साखळी 200 एककांचीच होईल. परंतु मोनोमरची (येथे स्टायरीनची) संहती आणि एकूण वेळ तेवढाच ठेवला, तर माझ्या हिशेबाने मृत साखळ्यांचा अंश जवळजवळ सहापट घटतो, आणि कणही एकमेकांपासून दूर राहतात.

उत्तर (सूक्ष्मदर्शी)

वरील विवेचन योग्यच आहे, पण मला प्रश्नातील दोन शब्द खटकले: ट्रायइथॉक्सी आणि भुकटी. तीन इथॉक्सी गट असलेले सिलेन केवळ पृष्ठभागाशीच नव्हे, तर आपसातही संघनित होते. त्यातून थरावर थर चढतात आणि शेजारचे दोन कण पॉलिमर वाढण्यापूर्वीच सांधले जाऊ शकतात. एकच अभिक्रियाशील गट असलेले, म्हणजे मोनोइथॉक्सी किंवा मोनोक्लोरो सिलेन वापरल्यास एकच थर बसतो. पृष्ठभागावर उरलेले सिलॅनॉल (Si-OH) गट हेक्झामिथाइलडायसिलाझेनने झाकून टाकावेत. इतके लहान कण एकदा कोरडे केले की पुन्हा पूर्णपणे सुटे करणे फार कठीण जाते, म्हणून वाळवण्याऐवजी केंद्रापसारण करून द्रावक बदलत जावे आणि कण सतत ओलेच ठेवावेत. अभिक्रियेपूर्वीच्या नमुन्याचे डीएलएस (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणे) आपण केले होते का?

कणिका

आपले दोघांचे मनापासून आभार. डीएलएस पूर्वी केले नव्हते, ते आज केले. अॅनिसोलमधील आरंभकयुक्त कणांचा सरासरी व्यास 90 नॅनोमीटरच्या वर आला. म्हणजे स्टायरीन घालण्याआधीच माझे कण गुठळ्यांच्या रूपात होते. आता मोनोइथॉक्सी सिलेन आणि न वाळवलेले कण घेऊन नव्याने सुरुवात करते. साखळ्यांची लांबी मोजण्यासाठी सिलिका हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवून पॉलिमर जीपीसीवर (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारे तंत्र) पाहण्याचा विचार आहे. तो मार्ग योग्य आहे का?

उत्तर (रसायनवही)

पॉलिस्टायरीनला त्या आम्लाने काही होत नाही, त्यामुळे मार्ग योग्य आहे. त्याआधी टीजीए (नमुना तापवत त्याचे घटणारे वजन मोजणे) अवश्य करावे. 200 एककांच्या 630 साखळ्या आणि 20 नॅनोमीटरचा कण धरला, तर सुमारे 70 टक्के वजन जळून जायला हवे आणि 30 टक्के सिलिका उरायला हवी. जीपीसीवरून साखळीची लांबी कळली की हेच गणित उलटे करून प्रत्येक चौरस नॅनोमीटरवरील साखळ्यांची खरी संख्या काढता येते.

मात्र हायड्रोफ्लुओरिक आम्लाबाबत मी आपल्याला कळकळीने सांगतो. ते काच खाते, म्हणून सगळे काम पॉलिप्रोपिलीन किंवा टेफ्लॉनच्या भांड्यांत करावे. सौम्य आम्ल त्वचेवर पडले तर वेदना काही तासांनी सुरू होते, आणि तोपर्यंत फ्लुओराइड आत उतरून शरीरातील कॅल्शियम बांधू लागलेले असते. कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची न उघडलेली, मुदतीतील नळी त्याच फ्यूम हूडशेजारी असल्याखेरीज बाटलीचे झाकण काढू नये, आणि आपल्या मार्गदर्शकांना कळवल्याशिवाय, एकट्याने किंवा सुटीच्या दिवशी हे काम करू नये. थेंबभर सांडल्याची शंका आली तरी त्वचा लगेच भरपूर पाण्याने धुवावी, जेल चोळावे आणि दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.