पोपच्या मान्यतेची पद्धत येण्यापूर्वी संत कोण ठरवत असे?

जुनी_पाने:
जर्मनीतील ऑग्सबुर्गचे बिशप (तिथल्या चर्चचे प्रमुख) उलरिक यांना पोप जॉन पंधरावे यांनी ९९३ साली संतपद दिले आणि पोपने असे अधिकृतपणे करण्याचे ते पहिले नोंदलेले उदाहरण मानले जाते. त्याआधी कित्येक शतके शेकडो संतांचे सण पाळले जात होतेच. मग त्यांना संत ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता?

शिलालेख:
लोकांकडे, आणि त्यांच्यामागोमाग स्थानिक बिशपकडे. दुसऱ्या शतकात स्मिर्नाचे (आजच्या तुर्कस्तानातील इझमीर) बिशप पॉलिकार्प यांना ठार करून त्यांचा देह जाळण्यात आला, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी उरलेली हाडे रत्नांहून मोलाची मानून गोळा केली आणि दरवर्षी त्यांच्या मृत्यूच्या दिवशी एकत्र जमून तो त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस म्हणून पाळायचे ठरवले. अशा रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांच्या बाबतीत चौकशीचा प्रश्नच नव्हता, कारण मृत्यू सर्वांसमक्ष झालेला असे. रोमन साम्राज्यातला ख्रिस्ती लोकांचा छळ थांबल्यावर मात्र पेच आला. फ्रान्समधील तूर शहराचे बिशप मार्टिन ३९७ साली नैसर्गिक मृत्यूने गेले, तरीही ते संत मानले गेले. तिथे पुरावा होता तो त्यांच्या आयुष्याचा आणि कबरीपाशी घडलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या चमत्कारांचा. पुढे बिशपने अवशेष कबरीतून समारंभपूर्वक उचलून वेदीपाशी ठेवणे, हीच व्यवहारात संतपदाची घोषणा ठरली.

तळटीप:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण रोमकडे, म्हणजे पोपकडे अधिकार गेल्यावरही आधी लोकांची भक्ती आणि मग मान्यता हा क्रम फारसा बदलला नाही, असे माझे मत आहे. इंग्लंडमधील कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांची २९ डिसेंबर ११७० रोजी त्यांच्याच कॅथेड्रलमध्ये हत्या झाली. लोकांनी त्यांचे रक्त कापडाने टिपून घेतले आणि ते पाण्यात मिसळून आजाऱ्यांना दिले जाऊ लागले. यात्रेकरू हे पाणी शिशाच्या चपट्या कुप्यांत भरून गळ्यात अडकवून घरी नेत. पोप अलेक्झांडर तिसरे यांनी संतपद दिले ते ११७३ साली, म्हणजे भक्ती आधीच जोरात सुरू झाल्यावर.

जुनी_पाने:
१२३४ मध्ये पोप ग्रेगरी नववे यांच्या कायदासंग्रहात हा अधिकार फक्त पोपचा असल्याचा नियम आला. त्यानंतर तरी परस्पर संत मानणे थांबले का?

शिलालेख:
मुळीच नाही. तेराव्या शतकात एतिएन द बूर्बों या डोमिनिकन (एक ख्रिस्ती धर्मसंघ) धर्मगुरूला फ्रान्समधील लियाँच्या परिसरात असे आढळले की बायका आजारी मुले घेऊन संत गिनफोर्टकडे जातात. चौकशीअंती हा गिनफोर्ट म्हणजे एक शिकारी कुत्रा निघाला: मालकाच्या तान्ह्या बाळाला सापापासून वाचवूनही, त्यानेच बाळाला मारले असे समजून मालकाने त्याचा जीव घेतला होता, अशी तिथली कथा. एतिएनने कुत्र्याचे अवशेष उकरून काढले आणि तिथल्या झाडांसकट जाळून टाकले. बायका मात्र त्यानंतरही कित्येक शतके मुलांना तिथे नेत राहिल्या.