स्वयंपाकघरातले गुलाम सुखात होते?
अमेरिकेत गुलामगिरी होती तेव्हा शेतात राबणाऱ्यांपेक्षा मळ्यांवरचे स्वयंपाकी गुलाम सुखात असत, असं काही जण म्हणतात. पोटापुरतं खरं असेलही. पण जेम्स हेमिंग्ज बघा. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचा गुलाम, आणि त्याच्याच बायकोचा सावत्र भाऊ! (बाप एकच, पण आई गुलाम म्हणून पोरही गुलाम.) 1784 मध्ये जेफरसनने त्याला पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला. तिथे पगार मिळे. त्यातून पठ्ठ्याने भाषा शिकायला मास्तर लावला. सुटका झाली 1796 मध्ये, तीही अटीवर: आधी आपल्या जागी माणूस तयार कर. त्याने भावाला, पीटरला शिकवलं. म्हणजे स्वतः सुटायचं तर भावाला चुलीला जुंपायचं.

जाताना त्याने भांड्यांची यादी लिहून ठेवली, ती अजून आहे. तांब्याची पातेली 19, झाकणं 19... मी तर त्या झाकणांपाशीच अडकलो. पाच वर्षांनी त्याने आत्महत्या केली.

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचा गुलाम स्वयंपाकी हर्क्युलीस मात्र 1797 मध्ये पळाला, तोही मालकाच्या वाढदिवशी. मागे पोरं राहिली, गुलामच. काही आठवड्यांनी एका फ्रेंच पाहुण्याच्या नोकराने त्याच्या लहान मुलीला विचारलं, बाबा दिसणार नाहीत म्हणून वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, छे, मला आनंदच आहे, ते आता मोकळे झाले.