चष्मा लावूनही डावा डोळा ६/२४ – पट्टी लगेच लावायची का?

विश्रामबाग_सांगली:
मुलगी सहा वर्षांची. शाळेतल्या तपासणीत डावा डोळा कमी निघाला. थेंब घालून काढलेला नंबर असा: उजवा +१.०० / −०.७५ × १८०, दृष्टी ६/६, डावा +३.५० / −३.०० × १०, चष्म्यासह ६/२४ (सामान्य डोळ्याला २४ मीटरवरून दिसतं ते तिला ६ मीटरवरून). डॉक्टर म्हणाले आळशी डोळा आहे, आठ आठवडे नुसता चष्मा, मग चांगला डोळा झाकायच्या पट्टीचं बघू. मिरजेतल्या दुकानात मात्र डाव्याला +०.५० / +३.०० × १०० लिहून दिलं. खरा नंबर कोणता? आणि थांबण्यात वेळ जात नाही ना?

चष्मा_काउंटर:
दोन्ही नंबर एकच. स्फिअरमध्ये (पहिला आकडा) सिलिंडर (दुसरा आकडा) मिळवा (+३.५० − ३.०० = +०.५०), सिलिंडरचं चिन्ह बदला, अक्ष (× नंतरचा आकडा) ९० अंशांनी फिरवा. काचेत काडीचाही फरक पडत नाही.

सिलिंडर नंबर म्हणजे बुबुळाचा बाक आडव्या-उभ्या दिशेला सारखा नसणं. त्यामुळे प्रकाश एका बिंदूवर जुळत नाही, जवळचं-लांबचं दोन्ही पुसट. उजवा स्वच्छ पाहतो म्हणून मेंदू डाव्याचं चित्र बाजूला सारतो. चष्मा डोळ्यातल्या पडद्यावर चित्र नीट पाडतो, पण ते वाचायला मेंदू अजून शिकलेला नाही. म्हणून ६/२४.

अक्षाकडे लक्ष ठेवा. ३.०० चा सिलिंडर १० अंश फिरला तरी साधारण १.०० नंबर शिल्लक राहतो. ३० अंश फिरला तर सिलिंडर न घातल्यासारखंच. दांडी वाकली, चष्मा नाकावर तिरका बसला की हेच होतं. म्हणून फ्रेम छोटी, मागे पट्टा, काच पॉलीकार्बोनेटची (सहज न फुटणारं प्लास्टिक). पहिले काही दिवस फरशी तिरकी दिसते असं ती म्हणेल. चष्मा काढू देऊ नका.

नेत्रतंत्रज्ञ_मिरज:
आठ आठवडे वाया जात नाहीत. काही मुलांचा डोळा नुसत्या चष्म्यानेच तक्त्यावरच्या ओळी चढतो, पट्टी लागतच नाही. अट एकच, चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत. शाळेपुरता लावला तर त्या आठवड्यांना अर्थ नाही.

पट्टी लागलीच तर उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर. हे उलटं करणारी घरं कमी नाहीत. ६/२४ पर्यंतच्या दृष्टीला रोज २ तास बहुतेकदा पुरतात. ६/३० किंवा त्याहून कमी असती तर ६ तासांपासून सुरुवात झाली असती. पट्टी त्वचेवर चिकटवायची, चष्मा तिच्यावरून. काचेवर कापड लावलं की मुलं नाकाच्या बाजूने डोकावतात, आणि मग तास नुसते वहीत भरतात! एप्रिलच्या घामात पट्टी सुटते, तेव्हा सकाळी उरका. त्या वेळेत रंगवणं, मणी ओवणं, वाचन. सायकल आणि रस्ता नको.

पट्टी अजिबात ठेवत नसेल तर चांगल्या डोळ्यात एट्रोपिन (त्याची नजर तात्पुरती धूसर करणारे थेंब) हा पर्याय डॉक्टरांना विचारा. बाहुली मोठी राहते, उन्हाचा त्रास होतो. अंग तापलं, चेहरा लाल झाला तर बंद करून लगेच कळवायचं.

विश्रामबाग_सांगली:
६/९ आली की पट्टी बंद?

नेत्रतंत्रज्ञ_मिरज:
एकदम नाही. तास कमी करत आणायचे. काही मुलांत दृष्टी पुन्हा घसरते, म्हणून नंतरही वर्षभर तपासणी ठेवा. प्रत्येक फेरीला उजवाही मोजून घ्या, फार झाकल्याने तो उतरू शकतो. सातनंतर काही होत नाही हे खरं नाही, पण उशिरा वेग कमी होतो. त्राटक किंवा गाजराच्या रसाने सिलिंडर उतरत नाही. ती डोळे सतत चोळत असेल तर ॲलर्जीचा इलाज आधी करा, चोळण्याने बुबुळाचा आकार बिघडू शकतो. धाकटं भावंड असेल तर त्याचे डोळे तीन-चार वर्षांचं झाल्यावर तपासून घ्या.